जिल्ह्यात झाड उगवत नाही

(सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सरांच्या हाताखाली मी वनस्पतिशास्त्र शिकलो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आम्हाला प्रत्येकी पन्नास नमुने गोळा करून, दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून द्यावे लागत. मी पहिला कागद मोठ्या अभिमानानं सरांच्या टेबलावर ठेवला. नाव बरोबर होतं, कुल बरोबर होतं, आणि ठिकाणाच्या रकान्यात मी ‘सातारा जिल्हा’ असं लिहिलं होतं. कागद परत आला तेव्हा त्या रकान्याखाली लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘जिल्ह्यात झाड उगवत नाही. कुठं?’ मी ‘कोयनानगरजवळ’ अशी दुरुस्ती केली. कागद पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला ‘ओढ्याचा उजवा काठ, कातळाची भेग, दुपारनंतर सावली’ असं लिहिलं, तेव्हा कुठं सही मिळाली.

आज मी ज्या फुलांविषयी बोलणार आहे ती सरांनी कधी पाहिली नव्हती. ती आपल्याकडची नाहीतच, उत्तर अमेरिकेची आहेत. पण सरांचा तो प्रश्न मला जितका त्या फुलांनी समजावून सांगितला, तितका दुसऱ्या कशानंच नाही. म्हणून सरांच्या नावानं बोलायचं ठरलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही.

माझी मुलगी शिकागोच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते. निवृत्तीनंतर पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तो ऑगस्ट महिना होता. एका रविवारी ती मला मिशिगन सरोवराच्या काठानं वर, विस्कॉन्सिन राज्याच्या हद्दीत घेऊन गेली. तिथं चिवॉकी प्रेअरी नावाचा गवताळ माळ राखलेला आहे. शिकागो आणि मिलवॉकी या दोन शहरांची नावं जोडून हे नाव झालं आहे. हजारो वर्षांपूर्वी सरोवराचं पाणी जास्त उंचीवर होतं. ते टप्प्याटप्प्यानं मागं हटलं आणि दर टप्प्याला वाळूची एकेक वरवंडी मागं ठेवत गेलं. त्यामुळं आज तिथली जमीन लाटांसारखी आहे : एक वरवंडी, मग एक सखल पट्टा, पुन्हा वरवंडी, पुन्हा सखल पट्टा. उंचीतला फरक फार तर गुडघ्या-कमरेएवढा. डोळ्याला तो जाणवतही नाही, पायाला जाणवतो. वर कोरडी वाळू आणि खाली पावलाखाली पचपचणारी ओल.

त्या सखल पट्ट्यात छातीएवढ्या उंचीच्या जांभळ्या छड्या उभ्या होत्या. पानं गवतासारखी अरुंद. छडीचा वरचा हात-दीड हात फुलांनी इतका गच्च भरलेला की दांडा दिसतच नव्हता. मी एकीजवळ बराच वेळ उभा राहिलो. मग वीस-पंचवीस पावलं चालून वरवंडीवर चढलो. तिथंही जांभळ्या छड्या होत्या. पण या गच्च नव्हत्या. दांड्यावर सुटी-सुटी, गोल, बोराएवढी बोंडं, जणू कोटाला लावलेली बटणं. दांडा खरखरीत. मी मागं वळून खाली पाहिलं आणि पुन्हा वर पाहिलं. दोन वेगळ्या जाती होत्या. खालची लायाट्रिस स्पिकाटा, वरची लायाट्रिस अस्पेरा. खालची वर आलेली नव्हती, वरची खाली उतरलेली नव्हती. मधे कुंपण नाही, डोंगर नाही, नदी नाही. होता तो पुरुषभरही नसलेला उतार. मला एकदम लाल पेन्सिल आठवली.

इंग्रजीत या फुलांना ब्लेझिंग स्टार म्हणतात, म्हणजे धगधगता तारा. नावात एक घोटाळा आहे तो आधी मिटवतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखात मेंट्झेलिया नावाच्या वनस्पती आहेत. त्यांची फुलं बहुधा पिवळी किंवा पांढुरकी, पानांवर आकडेदार केस, इतके की पान कपड्याला चिकटून बसतं. त्यांनाही लोक ब्लेझिंग स्टारच म्हणतात. त्या अगदी वेगळ्या कुलातल्या. आज त्यांच्याविषयी बोलणार नाही. माझा तारा पूर्वेकडचा आणि मधल्या गवताळ प्रदेशातला, लायाट्रिस. या शास्त्रीय नावाचा अर्थ काय, ते कुठून आलं, हे कोशांतही सापडत नाही.

लायाट्रिस सूर्यफुलाच्या कुलातली आहे. सूर्यफूल किंवा झेंडू आपण एक फूल म्हणून देवाला वाहतो, पण ते खरं म्हणजे शेकडो बारीक फुलांचं गाव असतं. कडेला दिसणाऱ्या मोठ्या पाकळ्या हीसुद्धा एकेक स्वतंत्र फुलंच. लायाट्रिसच्या बोंडाला या कडेच्या पाकळ्या नाहीत. मधली नळीसारखी फुलं तेवढी आहेत. आपल्या सहदेवीचं फूल जवळून पाहिलंत तर हीच रचना दिसेल. भिंग लावून पाहा : प्रत्येक नळीच्या तोंडाशी पाच टोकं, आणि आतून बाहेर आलेले दोन लांब, जांभळे, वळलेले धागे. ते परागवाहिनीचे दोन फाटे. लांबून जे झुपकेदार, पिसासारखं दिसतं ते या धाग्यांमुळं. पाकळ्यांचा त्यात फारसा वाटा नाही.

आता गंमत बघा. निशिगंधाची छडी आपल्या घराघरात येते. ती खालून वर फुलते. ग्लॅडिओलसचंही तसंच. लायाट्रिसची छडी वरून खाली फुलते. शेंड्याचं बोंड आधी उमलतं, मग त्याच्या खालचं, मग त्याच्या खालचं, आणि तळाची बोंडं अजून हिरवी मुकी असतात तेव्हा शेंडा करपायला लागलेला असतो. फुलोऱ्याची वाढ शेंड्याच्या बोंडापाशी संपते, म्हणून तेच वयानं मोठं. एकेका बोंडाच्या आत मात्र कडेची फुलं आधी आणि मधली नंतर. फुलवाले ही फुलं छडीच्या रूपात विकतात. आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही पुष्पगुच्छात कधीमधी ती दिसतात. ती जवळजवळ नेहमी स्पिकाटाच, म्हणजे मी सखल पट्ट्यात पाहिलेली. जगाला ठाऊक असलेली लायाट्रिस ती एवढीच. बाकीच्यांचं काय, हा आजचा विषय आहे.

लिनियसनं १७५३ साली या वनस्पतींची नोंद केली, ती सेराट्युला या दुसऱ्याच प्रजातीत घालून. त्याला त्या कोरड्या नमुन्यांवरून माहीत झालेल्या होत्या. आंद्रे मिशो हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र अमेरिकेच्या जंगलांतून आणि माळांतून वर्षानुवर्षं स्वतः हिंडला. अस्पेरा, पिक्नोस्टाकिया, सिलिंड्रासिया ही नावं त्यानं दिलेली आहेत. त्याचा ग्रंथ १८०३ साली पॅरिसमध्ये छापून आला, पण तो बघायला मिशो उरला नव्हता. मादागास्करला गेला असताना तो तिकडेच वारला. पुढं १९४६ साली कॅनडाच्या लुलू गाइझर या बाईंनी सबंध प्रजातीचा ग्रंथ लिहिला. त्यांनी गुणसूत्रं मोजली, ठिकठिकाणचे नमुने ताडून पाहिले आणि दोनशे वर्षांचा नावांचा गुंता बराच सोडवला. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. माझ्या मते वनस्पतिशास्त्रातलं खरं मोठं काम हेच. उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींच्या अलीकडच्या बृहत्कोशात लायाट्रिसच्या ३७ जाती दिल्या आहेत.

३७ जाती ओळखायच्या कशा? फुलाचा रंग कामाचा नाही, सगळ्या जांभळ्या-गुलाबी. बोंडाच्या तळाशी हिरवे छद असतात ते पाहायचे. स्पिकाटाचे छद बोथट टोकांचे, अंगाला चिकटून बसलेले. पिक्नोस्टाकियाचे टोकदार आणि बाहेर वळलेले. अस्पेराच्या छदांना कागदी, चुरगळलेली, पारदर्शक किनार असते. एलेगान्सचे आतले छद पसरून गुलाबी होतात, पाकळ्यांची जागा घेतात. मग एक बी काढायचं आणि त्याच्या डोक्यावरचे केस भिंगाखाली धरायचे. काही जातींत ते पिसासारखे दुतर्फा लव असलेले, तर काहींत केसांना नुसते बारीक काटे. नखाएवढ्या बियावरची ही खूण प्रजातीचे दोन मोठे गट वेगळे करते.

पण मित्रहो, त्या कोशात वर्णनाच्या खाली आणखी एक ओळ असते. कुठं उगवते, ही. मी ३७ जातींच्या त्या ओळी सलग वाचल्या आणि मला असं वाटू लागलं की आपण फुलांची यादी वाचत नाही, जमिनीचा सात-बारा वाचतो आहोत. चुनखडीच्या खड्यांचा उतार : सिलिंड्रासिया. पश्चिमेकडचा कोरडा माळ : पुंक्टाटा. उत्तरेकडची ओलसर कुरणं : लिग्युलिस्टायलिस. वालुकाश्माचे उघडे कातळ : मायक्रोसेफाला. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या, तेही एका कोपऱ्यातल्याच : प्रोव्हिन्शियालिस. नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लू रिज पर्वताचे वाऱ्यानं झोडपलेले कडे : हेलेरी. ही हेलेरी १९८७ पासून कायद्यानं संरक्षित आहे. कड्यावर दृश्य बघायला येणाऱ्यांच्या बुटांखाली ती तुडवली जाते हा तिला मोठा धोका. फ्लोरिडाच्या मधोमध लेक वेल्स रिज नावाची जुन्या वाळूची लांब सोंड आहे. समुद्र वर चढलेला असताना ती बेटांसारखी पाण्याबाहेर राहिली होती. तिथल्या पांढऱ्या वाळूत ओलिंजेरी ही जात आहे, आणि ती जगात आणखी कुठंच नाही. संत्र्यांच्या बागांना आणि घरांना नेमकी तीच उंच, कोरडी जमीन हवी होती.

एका जातीपाशी मी थांबणार आहे. अलाबामा राज्यातल्या बिब परगण्यात लिटल कहाबा नावाची नदी आहे. १९९२ साली जेम्स अ‍ॅलिसन हे वनस्पतिशास्त्रज्ञ लहान होडीतून त्या नदीवरून जात होते. काठावरच्या झाडीत त्यांना उघड्या खडकाचे तुकडे दिसले. केटोना नावाचा हा डोलोमाइट खडक मॅग्नेशियमनं भरलेला आणि असाधारण शुद्ध. त्यावर मातीचा पातळ थर, भोवती दाट रान, मधे उन्हानं तापलेला कातळ. कोकणातला सडा ज्यानं पाहिला आहे त्याला याचं चित्र लगेच डोळ्यांपुढं येईल. अ‍ॅलिसन उतरले, आणि पुढच्या काही वर्षांत त्या तुकड्यांवरून विज्ञानाला माहीत नसलेल्या आठ नव्या वनस्पती त्यांनी नोंदवल्या. १९९२ साली, अमेरिकेसारख्या इंच-इंच मोजलेल्या देशात! त्या आठांमध्ये एक लायाट्रिस होती. तिचं वर्णन २००१ साली प्रसिद्ध झालं. नाव ओलिगोसेफाला, म्हणजे थोड्या बोंडांची. तिथले लोक तिला कहाबाची मशाल म्हणतात. ती इतकी वर्षं लपून नव्हती. दर उन्हाळ्यात फुलत होती. त्या कातळावर ‘कुठं?’ असं विचारणारं कुणी उतरलं नव्हतं, एवढंच.

आता जमिनीच्या खाली जाऊ. लायाट्रिसची छडी हिवाळ्यापूर्वी वाळून जाते. झाड जगतं ते खालच्या कंदात. बहुतेक जातींचा कंद आपल्या सुरणासारखा भरीव, फक्त लहान. नेब्रास्का विद्यापीठात जॉन वीव्हर नावाचे अभ्यासक होते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माळावर खोल चर खणून गवतांची आणि फुलझाडांची मुळं धागा-धागा मोकळी केली, कागदावर मापानं उतरवली. पुंक्टाटाचं मूळ १६ फुटांपर्यंत खाली जाऊ शकतं, म्हणजे वर दिसणारं झाड मांडीएवढं आणि मूळ दीड मजल्याएवढं. पाऊस न पडलेल्या वर्षी आसपासचं गवत करपतं तेव्हा ही फुलते, ती या भांडवलावर. कंदाला आडवा काप दिला तर काही जातींत लाकडासारखी वर्षांची वर्तुळं दिसतात. १९६०च्या दशकात ती मोजून वयं काढली तर तीस वर्षांच्या पुढची रोपं निघाली. पुढं सिलिंड्रासियाच्या एका वसाहतीत असं आढळलं की म्हाताऱ्या रोपांत आई-बापांकडून आलेली जनुकांची जोडी भिन्न असण्याचं प्रमाण तरुण रोपांपेक्षा जास्त होतं. एकसारखी जोडी असणारी रोपं वाटेत गळत जातात आणि मिसळलेली टिकतात. माळावरची एक वाळकी काडी उपटताना आपण कदाचित आपल्या थोरल्या मुलाच्या वयाचं झाड उपटतो आहोत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मिसुरी नदीकाठच्या ओमाहा लोकांना कंद ठाऊक होता. मेल्विन गिलमोर यांनी १९१९ साली नोंदवून ठेवलं आहे की ते लोक हा कंद चावून घोड्याच्या नाकपुड्यांत फुंकत. त्यामुळं घोडा धापा न टाकता पळतो असं ते मानत.

मग नांगर आला. जॉन डिअर या लोहारानं १८३७ साली इलिनॉयमधल्या ग्रँड डिटूर गावी पोलादी फाळाचा नांगर घडवला. आधीच्या नांगरांना तिथली चिकट काळी माती बसत असे, त्याला बसेना. इलिनॉयमध्ये सुमारे २ कोटी २० लाख एकर माळ होता. १९७०च्या दशकात राज्यभर पाहणी झाली तेव्हा चांगल्या स्थितीतला मूळ माळ सुमारे तेवीसशे एकर भरला, म्हणजे दर नऊ-दहा हजार एकरांमागे एक. हा आकडा मी मुलीच्या स्वयंपाकघरात बसून कागदावर दोनदा भागून पाहिला. उरलेले तुकडे कुठं आहेत? जुन्या दफनभूमींच्या कोपऱ्यांत, कारण तिथं नांगर नेत नाहीत. रेल्वेरुळांच्या कडेच्या पट्ट्यांत. कॅन्सासमधल्या फ्लिंट हिल्सच्या टेकड्यांवर, कारण तिथं विताखाली गारगोटी आणि चुनखडी लागते. शेतकऱ्यांचं मला वाईट वाटत नाही, त्यांनी पोटासाठी केलं. वाईट याचं वाटतं, की उपटताना तिथं काय होतं ते कुणी लिहून ठेवलं नाही.

राखलेला तुकडाही नुसता कुंपण घालून राहत नाही. मेन राज्यात केनेबंक प्लेन्स नावाचा वालुकामय माळ आहे. न्यू इंग्लंडच्या लायाट्रिसची जगातली सर्वांत मोठी वसाहत तिथं आहे. ऑगस्टअखेरीस सगळा माळ जांभळा होतो. तिथं ठरवून आग लावतात. न लावली तर झुडपं आणि पाइन वर येतात, शिवाय फुलांत वाढणाऱ्या बारीक पतंगांच्या अळ्या बियांचा फडशा पाडतात. जाळल्यावर त्या वर्षी अळ्या कमी होतात, बी हाती लागतं, आणि उघड्या मातीत ते रुजतं. पण गोष्ट इथं संपत नाही. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या माळांवर आणखी एक पतंग आहे, पापायपेमा बीरियाना. त्याची अळी फक्त लायाट्रिसचा दांडा आणि कंद पोखरते. त्याची अंडी वाळक्या पाल्यात हिवाळा काढतात. सगळा माळ एकदम जाळला तर फूल वाचेल आणि त्यावरच जगणारा हा जीव संपेल. म्हणून जाणती माणसं माळाचे भाग पाडतात, एका वर्षी हा, पुढच्या वर्षी तो. मी त्यांचा नकाशा पाहिला. त्यावर कुठला चौकोन कोणत्या साली जळला हे पेन्सिलीनं लिहिलं होतं. त्या नकाशाइतकं प्रेमाचं काम मी थोडंच पाहिलं आहे.

सप्टेंबरात मोनार्क फुलपाखरं दक्षिणेला निघतात, मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या ओयामेल वृक्षांच्या रानात हिवाळा काढायला. वाटेत मध पिऊन अंगात चरबी साठवायची असते, कारण तिकडच्या थंडीत ती त्यावरच जगतात. लिग्युलिस्टायलिसवर त्यांचा विशेष जीव. एका छडीवर मी सात मोजली. आठवं आलं आणि छडी वाकली.

याच लायाट्रिसची एक भावकी आपल्याकडं आहे हे सांगायलाच हवं. आपल्या कोकणात आणि घाटात माजलेली रानमोडी सूर्यफूल कुलाच्या त्याच गटातली, आणि तीही अमेरिकेचीच. एक बहीण वीस पावलांचा उतार ओलांडत नाही. दुसरी सह्याद्री ओलांडून गेली. दोन्हींच्या बियांना केस आहेत, दोन्ही वाऱ्यावर उडतात. रानमोडीला तोडलेलं रान आणि नांगरून सोडलेली जमीन चालते, आणि ती आपण तिला भरपूर दिली. लायाट्रिसला तिची एकच जमीन लागते. म्हणून मला ३७ हा आकडा ऐकला की श्रीमंतीपेक्षा आधी जोखीम दिसते. दर जातीला एक जमीन आहे, आणि त्यातल्या काहींची जमीन एका दुपारच्या बुलडोझरएवढीच.

नाहीशा झालेल्या माळांची पुन्हा लावणी करायचा उद्योग १९३५ साली मॅडिसनच्या विद्यापीठाच्या वनोद्यानात सुरू झाला. आज त्या मध्य-पश्चिम भागात गावोगावी लोक सुट्टीच्या दिवशी हे काम करतात. मी पुढच्या खेपेला मुद्दाम ऑक्टोबरच्या अखेरीस राहिलो. शिकागोजवळच्या एका माळावर बी गोळा करायला जमलेल्या मंडळींत आम्ही बाप-लेक दोघंही होतो. थंडी पडली होती. छड्या करड्या झाल्या होत्या, बोंडं फुटून केसाळ गोंडे बाहेर आले होते. डाव्या हातानं दांडा धरायचा आणि उजव्या हाताच्या चिमटीनं वरून खाली ओरबाडायचं. बी मुठीत आलं की त्याचा केसाळपणा बोटांना मांजरीच्या कानासारखा लागतो. निम्मं बी झाडावरच ठेवायचं असा नियम होता, तो सगळे पाळत होते. हे बी हिवाळाभर ओल्या वाळूत थंडीत ठेवतात, त्याशिवाय नीट उगवत नाही.

गोळा झालेलं बी कागदी पाकिटात घालायचं होतं. आमच्या गटाची प्रमुख एक सत्तरीची बाई होती. तिनं माझ्या हातात पाकीट आणि पेन्सिल दिली. मी वर लिहिलं : लायाट्रिस अस्पेरा. तारीख लिहिली. माळाचं नाव लिहिलं. तिनं चष्मा वर करून वाचलं, आणि पाकीट मला परत दिलं. म्हणाली, माळ मोठा आहे, नेमकं कुठं ते लिहा.

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला लाल पेन्सिलीची गोष्ट ठाऊक होती. मी पाकीट गुडघ्यावर ठेवलं आणि लिहिलं : दुसरी वरवंडी, पूर्वेचा उतार, ओकच्या झाडापासून चाळीस पावलं, कोरडी वाळू.